सशाचा नायटा आणि 0.8 मिलिलीटर

आषाढीच्या आदल्या दिवशी गुंड्याला मेथी घालताना त्याच्या नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, जुन्या आठ आण्याएवढी उघडी जागा दिसली. केस गेलेले, खाली गुलाबी कातडी आणि कडेला पांढरा कोंडा. पिंजऱ्याच्या तारेवर नाक घासायची त्याला जुनी खोड आहे, म्हणून मी तारेला जुना कपडा गुंडाळला आणि विषय संपवला. डोंबिवलीतला जुलै महिना. घरात तीन दोऱ्या बांधून त्यांवर ओले कपडे, भिंतीला ओल, फ्रिजवर ठेवलेला पापडसुद्धा मऊ पडलेला. अशा हवेत सशाच्या नाकावर बुरशी वाढत असेल हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

आमच्याकडे दोन ससे. गुंड्या नर, खस्सी केलेला, वजन 1 किलो 600 ग्रॅम. चिमी मादी, त्याच्याहून थोडी हलकी आणि स्वभावाने खूपच तिखट. दोघांचा मुक्काम बंद बाल्कनीत, संध्याकाळी दोन तास हॉलमध्ये मोकाट.

आठवड्याभरात चट्टा रुपयाएवढा झाला आणि डाव्या कानाच्या कडेला दुसरा उगवला. मग सल्ले सुरू झाले. समोरच्या काकूंनी खोबरेल तेलात हळद कालवून लावायला सांगितलं. लावलं. गुंड्याने पुढच्या पायांनी तोंड पुसून सगळं चाटलं, उरलेलं चिमीने चाटलं, आणि दोघंही दोन दिवस पिवळी तोंडं घेऊन हिंडत होते.

पुढची चूक मात्र पूर्ण माझी. आमच्या फ्रिजच्या दारात एक ट्यूब कायम असते. बहुतेक मराठी घरांत असते. खाज, पुरळ, घामोळं, चावा, सगळ्यावर चालते असा तिचा लौकिक. तिच्यात बुरशीविरोधी औषध असतं, जंतुनाशक असतं आणि शिवाय जोरकस स्टेरॉइड असतं. पाकिटावर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी ते वाचलं नाही. मटारच्या दाण्याएवढं मलम पाच दिवस चोळलं. तिसऱ्या दिवशी लाली इतकी उतरली की मी नवऱ्याला म्हटलं, बघ, उगाच डॉक्टरचे पैसे गेले असते. आठव्या दिवशी नाकावरचा चट्टा डोळ्याच्या पापणीपर्यंत पोचला होता आणि पुढच्या पंजावर तिसरा आला होता.

स्टेरॉइडने सूज आणि लाली दबते, म्हणजे शरीर बुरशीशी झगडत असल्याची खूण तेवढी दबते. बुरशीला मोकळं रान मिळतं. सशांचं तर याबाबतीत फारच नाजूक असतं. कातडीतून आणि चाटण्यातून पोटात गेलेलं थोडंसं स्टेरॉइडही त्यांची प्रतिकारशक्ती खाली आणू शकतं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा फक्त इतकंच कळलं की ट्यूब बिघडली असावी, एक्सपायरी बघायला हवी.

मग जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथे नव्वद टक्के कुत्री-मांजरं. डॉक्टरांनी लांबूनच बघितलं, "खरूज आहे," म्हणाले आणि आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं. दुसरं चौदा दिवसांनी. हे औषध सशांना देतात, त्यात काही गैर नाही. सशांना कानातले किडे होतात, खरजेचे होतात, शिवाय एक असा किडा असतो की पाठीवरचा कोंडा चालताना दिसतो. या सगळ्यांवर ते चालतं. पण कातडी खरवडून काचेवर घेऊन बघितलं असतं तर किडे आहेत की नाहीत ते पाच मिनिटांत कळलं असतं. ते झालं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. त्या चौदा दिवसांत बुरशीला दुसरी संधी मिळाली.

त्याच दरम्यान पेट शॉपमधला मुलगा कुत्र्यांच्या मानेवर सोडायचे गोचिडांचे थेंब माझ्या हातात ठेवत होता. "मॅडम, सशाला अर्धं सोडा." त्यावर फिप्रोनिल लिहिलेलं होतं. सुदैवाने पाकीट महाग होतं म्हणून मी घेतलं नाही. फिप्रोनिलने ससे मरतात. आयुष्यात कंजूषपणा कामी आल्याचे प्रसंग मोजकेच, त्यातला हा एक.

जुलैच्या शेवटी माझ्या डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, एक लाल कडं उठलं. मधे बरं, कडेला उंच, बारीक पुळ्यांची रांग. दोन दिवसांनी मनूच्या मानेवर तसंच. मनू माझी लेक, वय दहा, गुंड्याला स्कार्फसारखा गळ्यात घालायची तिला सवय.

त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून बघितलं आणि विचारलं, "घरात मांजर आहे?"

"नाही. ससा आहे."

"त्याचे केस गेलेत का कुठे?"

मला त्या क्षणी इतकं ओशाळल्यासारखं झालं. महिनाभर जे कोडं मी बाल्कनीत बसून सोडवत होते, ते या माणसाने ससा न बघता सोडवलं होतं. त्यांचं म्हणणं असं की हल्ली आपल्याकडे नायट्याचे जे ढिगाने रुग्ण येतात त्यातले बहुतेक माणसाकडून माणसाकडे गेलेले. त्या बुरशीची एक हट्टी जात तर टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधालाही दाद देईनाशी झाली आहे. 2020 साली तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं आपल्या देशावरून नाव मिळालं. (अभिमान वाटावा अशी गोष्ट नाही.) पण प्राण्याकडून आलेला नायटा माणसात सहसा जास्त सुजतो, जास्त लाल होतो, आणि आमचा तसा होता. त्यांनी आम्हा दोघींना साधं मलम दिलं, चार आठवडे लावायला सांगितलं, आणि म्हणाले, "सशाचं बघा, नाहीतर दर महिन्याला याल."

फ्रिजमधल्या ट्यूबचं मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

ससे-गिनीपिग नेहमी बघणाऱ्या डॉक्टर शोधायला आठवडा गेला. मुंबईत त्या मिळाल्या, डोंबिवलीपासून रिक्षा-गाडी मिळून दीड तास. ऑगस्टचा दुसरा आठवडा. "दोघांनाही आणा," त्यांनी फोनवरच बजावलं होतं.

"चिमीला काही झालेलं नाही," मी म्हटलं.

"आणा."

त्या दवाखान्यात पहिल्यांदा कोणीतरी तपासणी सुरू केली. आधी खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. किडे नव्हते. मग दिवे मालवून निळसर-जांभळा दिवा गुंड्याच्या तोंडावर धरला. वुड्स लॅम्प म्हणतात त्याला. मी श्वास रोखून हिरव्या चमकेची वाट बघत होते. काही चमकलं नाही. मला वाटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाल्या, "यावरून काही ठरत नाही. मांजरांत जी बुरशी जास्त असते, मायक्रोस्पोरम कॅनिस, ती चमकते, आणि तीही दर वेळी नाही. सशांत बहुतेक वेळा ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटीस सापडते. ती चमकतच नाही."

मग चिमट्याने चट्ट्याच्या कडेचे केस मुळापासून उपटले. मधले नाही, कडेचे, कारण बुरशी कडेला जिवंत असते. ते काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवले आणि थोड्या वेळाने मला बघायला बोलावलं. केसाच्या भोवती बारीक गोल मण्यांच्या माळा चिकटलेल्या. "हे बीजाणू. हेच तुमच्या सोफ्यावर आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या.

उरलेले केस कल्चरला, म्हणजे बशीत बुरशी वाढते का ते बघायला, गेले. चिमीच्या अंगावर एकही चट्टा नव्हता, म्हणून तिला पाकिटातून काढलेल्या कोऱ्या टूथब्रशने डोक्यापासून शेपटीपर्यंत विंचरलं आणि ब्रशच्या दातांत अडकलेले केसही कल्चरच्या बशीत टेकवले. ती बशी आधी पिवळी असते. नायट्याची बुरशी वाढायला लागली की तिचा रंग लाल होतो. चिमी हे सगळं करून घेताना डॉक्टरांच्या मनगटाला चावली. रिपोर्टला दोन ते तीन आठवडे.

औषधावर त्यांनी माझ्याशी दहा मिनिटं बोलणं केलं, आणि मला वाटतं याच दहा मिनिटांसाठी दीड तासाचा प्रवास वसूल झाला. जुनं औषध ग्रिसिओफल्विन. स्वस्त, पण गाभण मादीला अजिबात चालत नाही, आणि आता त्याहून बरी औषधं आहेत. टर्बिनाफिन चालतं, पण आपल्याकडे सरसकट मिळते ती 250 मिलिग्रॅमची गोळी, आणि गुंड्याला लागणार तिचा जेमतेम पंधरावा हिस्सा. तिसरं इट्राकोनॅझोल. हे केसांच्या मुळांत आणि कातडीच्या वरच्या थरात साठून राहतं, बुरशी जिथे राहते तिथेच. डोस दर किलोला 5 ते 10 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. त्यांनी खालचं टोक धरलं, म्हणजे गुंड्याला रोज 8 मिलिग्रॅम. याचं मात्र पातळ औषध मिळतं, माणसांसाठीचं, एका मिलिलीटरमध्ये 10 मिलिग्रॅम. म्हणजे 0.8 मिलिलीटर.

कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे पातळ औषध नव्हतं. "100 ची कॅप्सूल आहे, उघडून थोडीथोडी द्या ना," तो म्हणाला. घरी येऊन मी खरंच एक कॅप्सूल उघडून बघितली. आत साबुदाण्याच्या बारक्या भावंडांसारखे शेकडो दाणे. त्यांचे साडेबारा सारखे भाग करायचे होते. डॉक्टरांना फोन केला तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "थांबा, बाटली मागवा." पाच दिवस गेले बाटली यायला. तोवर रक्ताचा रिपोर्टही आला. हे औषध यकृतावर येऊ शकतं, म्हणून सुरू करायच्या आधीच कानाच्या शिरेतून रक्त घेतलं होतं. दोघांचंही यकृत ठीक होतं.

चट्ट्यांना वरून लावायला साधं क्लोट्रिमॅझोल, स्टेरॉइड नसलेलं. अगदी पातळ थर, आणि लावल्यावर वीस मिनिटं सशाला मांडीवर धरून कुरवाळत बसायचं, म्हणजे चाटणार नाही. मी बुरशीच्या शाम्पूने आंघोळ घालू का असं विचारलं. "नाही." ससा पाण्यात घाबरतो, इतका की धडपडीत पाठीचं हाड मोडू शकतो. त्याची दाट लव लवकर वाळत नाही. पावसाळ्यात ओली लव म्हणजे बुरशीलाच आमंत्रण. चट्ट्याभोवतीचे लांब केस तेवढे त्यांनी बोथट टोकाच्या कात्रीने कापले. सशाची कातडी पातळ कागदासारखी असते, हे घरी करू नका म्हणाल्या.

आता 0.8 मिलिलीटर. ऐकायला काहीच नाही. पहिल्या रात्री त्यातलं 0.1 गुंड्याच्या पोटात गेलं असेल, उरलेलं माझ्या कुर्त्यावर. दुसऱ्या रात्रीपासून पद्धत बसली. टॉवेल जमिनीवर अंथरायचा, ससा मधे ठेवायचा, दोन्ही बाजू घट्ट गुंडाळायच्या, नुसतं तोंड बाहेर. फ्रँकी. मनू त्याला फ्रँकीच म्हणायला लागली. मग सुई काढलेली एक मिलिलीटरची सिरिंज समोरून नाही, बाजूने घालायची. सशाच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधे मोठी मोकळी जागा असते, तिथून ती सहज आत जाते. एकदम दाबायचं नाही. 0.2, थांबा, चघळू द्या, परत 0.2. घाई केली तर औषध श्वासनळीत जाऊ शकतं. शेवटी केळ्याचा नखाएवढा तुकडा. चौथ्या दिवशी गुंड्या सिरिंजच्या कागदाचा आवाज आला की धावत यायला लागला. केळ्यासाठी, अर्थात.

फ्रिजवर मनूने तक्ता लावला: तारीख, औषध, किती खाल्लं, लेंड्या किती. शेवटच्या रकान्यात ती "मोठ्या", "बारक्या" असं लिहायची. पाहुणे वाचून गप्प व्हायचे.

घराची साफसफाई हा वेगळाच अध्याय. बीजाणू निर्जीव वस्तूंवर दीड वर्षापर्यंत टिकू शकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी सोफ्याकडे नव्या नजरेने बघितलं. लाकडी घर आणि खोके टाकून दिले. कापडी चटया गेल्या. सशांच्या चादरी वेगळ्या, दोनदा धुवायच्या. केर झाडूने काढायचा नाही, बीजाणू उडतात. ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्यूमने. पिंजरा आणि बाल्कनीच्या फरशीला एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग स्वच्छ पाण्याने धुवायचं. ब्लीच मळावर काम करत नाही, म्हणून आधी साबणाने मळ काढायचा.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं आणि तरी पहिल्याच रविवारी घाईत लिटर ट्रेवर थेट ब्लीच ओतलं. ट्रेमध्ये सशाची लघवी वाळलेली होती. तिच्यात अमोनिया, त्यावर ब्लीच, आणि बंद बाल्कनी. क्षणात नाकातोंडात असा भपका गेला की डोळ्यांतून पाणी आणि छातीत चिरका. नवऱ्याने मला ओढत हॉलमध्ये आणलं आणि खिडक्या सताड उघडल्या. ससे तेव्हा बेडरूममध्ये होते म्हणून वाचले. लघवीचे डाग आधी पाण्याने पूर्ण धुवायचे, मगच ब्लीच. आमच्या घरातला तो आता दगडावरचा नियम आहे.

औषधाच्या नवव्या दिवशी, हरितालिकेला, गुंड्याने सकाळची मेथी सोडली.

सशाने मेथी सोडली म्हणजे काय, हे ससा नसलेल्याला कळणं कठीण. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर आतडी मंदावतात, वायू भरतो, आणि उलटी करायची सोय निसर्गाने सशाला दिलेलीच नाही. सकाळपर्यंत बघू, असं सशाच्या बाबतीत म्हणायचं नसतं. तक्त्यात मागच्या दोन दिवसांत "बारक्या", "बारक्या" असं लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं, पण लक्षात घेतलं नव्हतं. घरी दुसऱ्या दिवशी दीड दिवसाचा गणपती यायचा, मोदकांचं सारण गॅसवर, आणि मी गुंड्याचं पोट चाचपत बसलेली.

डॉक्टरांनी फोनवर इट्राकोनॅझोल तिथल्या तिथे थांबवायला सांगितलं. दुपारी नवऱ्याने त्याला मुंबईला नेलं. मी जाऊ शकले नाही. पोट चालू करायचं आणि दुखणं कमी करायचं औषध, कातडीखाली सलाइन, आणि परत रक्त. यकृताचे आकडे थोडे वर गेले होते. घाबरण्याइतके नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकेही नाही. घरी दर तीन तासांनी सशाच्या खाद्याच्या भिजवलेल्या गोळ्यांची (पेलेट) पातळ लापशी सिरिंजने भरवायची. रात्री अकराला, दोनला, पहाटे पाचला मी ते केलं. पाचच्या वेळी त्याने लापशी तोंडालाही लावून घेतली नाही.

सकाळी सासूबाई ताटात दूर्वांच्या एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. खाली पडलेल्या, तीन पात्यांच्या नसलेल्या काड्या त्यांनी बाजूला केल्या आणि काही न बोलता गुंड्याच्या टॉवेलापुढे सरकवल्या. त्याने हुंगलं. एक काडी ओढली. दुसरी. हरळी सशाला आवडते हे मला माहीत होतं, दर पावसाळ्यात मी ती सोसायटीच्या मागून आणते. तरीही सासूबाईंनी त्या वेळी देवाकडे जे बघितलं, त्यावर वाद घालायची माझी हिंमत नाही. त्यांचं श्रेय त्यांनी घ्यावं, सलाइनचं सलाइनने.

गणपतीला आलेल्या पोरांना बाल्कनीत बंदी होती. दारावर मनूने पाटी लावली: "आत नायटा आहे."

गौरींच्या सुमारास कल्चरचे रिपोर्ट आले. गुंड्याचं ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटीस, अपेक्षेप्रमाणे. आणि चिमीचंही तेच. जिच्या अंगावरचा एक केस वाकडा झाला नव्हता ती चिमी. ती अंगावर बुरशी बाळगून होती, स्वतःला काही होऊ न देता. इतके दिवस मी गुंड्याला औषध लावून त्याच्या शेजारी तिला झोपवत होते आणि ती त्याला रोज प्रेमाने चाटत होती. वेगळं ठेवू का विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या, आता उपयोग नाही, दोघांच्याही अंगावर आहे. तोडलेली जोडी परत जुळवताना मारामाऱ्या होतील, ताण वाढेल. एकत्र ठेवा, दोघांनाही औषध द्या.

मात्र रोज नाही. एक आठवडा द्यायचं, एक आठवडा थांबायचं. औषध केसांच्या मुळांत साठून राहतं, म्हणून मधल्या आठवड्यातही त्याचं काम थोडंफार चालू राहतं, आणि यकृताला उसंत मिळते. मांजरांसाठी हे वेळापत्रक रीतसर ठरलेलं आहे, दर किलोला 5 मिलिग्रॅमचंच. सशांना ते त्याच हिशोबाने लावलं. दर औषधाच्या आठवड्यात वजन बघायचं, आणि भूक जरा कमी झाली की थांबून फोन करायचा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर परात ठेवून ससा जोखता येतो. चिमी परातीतून उडी मारते, तेव्हा आकडा हवेतच वाचायचा.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गुंड्याच्या नाकावर लव आली. आधी राखाडी धूसर सावली, मग मखमल. कानाचा चट्टा भरला. माझ्या हातावरचं कडं जाऊन तिथे फिकट डाग उरला होता, मनूची मान साफ. नवरा म्हणाला, झालं ना आता? मलाही तसंच वाटत होतं. बाटली महाग होती, दीड तासाचा प्रवास होता, तिमाहीअखेर म्हणून ऑफिसात सुट्टी मिळत नव्हती. मी डॉक्टरांना गुंड्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बरा झाला!" उद्गारचिन्हासकट.

उत्तर आलं: "टूथब्रश घेऊन या. दोन."

गुंड्याचं कल्चर निगेटिव्ह आलं. चिमीचं पॉझिटिव्ह.

तो रिपोर्ट हातात असताना मला मोजता आलं, की मी थांबले असते तर दिवाळीपर्यंत गुंड्याच्या नाकावर परत रुपया दिसला असता, आणि मी म्हटलं असतं, औषध फसलं. किती जण असंच म्हणत असतील. केस येणं ही सशाची तब्येत सुधारल्याची खूण, बुरशी गेल्याची नव्हे. ती बघायला बशीच लागते, आणि एकदा नाही. लागोपाठ दोन कल्चर स्वच्छ आल्याशिवाय डॉक्टर हा विषय बंद करत नाहीत.

त्यानंतरचे आठवडे सांगण्यासारखे नाहीत. फ्रँकी, 0.8, चिमीला 0.7, केळं, फडकं, ब्लीच. चिमीने या काळात मला चार वेळा चावलं. एका रविवारी नवऱ्याने फुशारकी मारली की घरात फक्त त्यालाच नायटा झाला नाही. मंगळवारी त्याच्या पोटावर उठला. तो अजूनही म्हणतो की तो लोकलमधून आला.

ऑक्टोबरच्या मध्याला घेतलेलं कल्चर दोघांचं निगेटिव्ह. औषध थांबलं. दुसरं कल्चर दिवाळीनंतर. फराळाच्या डब्यांच्या रांगेत नवऱ्याने ओळीत टूथब्रश ठेवले, यंदाची पाडव्याची ओवाळणी म्हणून. तो रिपोर्ट नोव्हेंबरच्या शेवटी आला, तोही निगेटिव्ह. गुंड्याचं वजन 1 किलो 700. रक्ताचे आकडे जागेवर. पहिल्या दवाखान्यापासून शेवटच्या कल्चरपर्यंत साधारण सोळा हजार रुपये गेले, त्यात चटया धरलेल्या नाहीत.

मनूने तक्ता काढला. तक्ता पाच पानांचा झाला होता, एकाखाली एक चिकटवलेला. शेवटच्या पानाचा खालचा कोपरा गुंड्याने कधीतरी खाल्लाय, त्यामुळे 9 ऑक्टोबरच्या लेंड्या मोठ्या होत्या की बारक्या हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

परवा मी पोस्टाचं पाकीट फाडलं. कागद सिरिंजच्या पाकिटासारखाच फरफरला. गुंड्या बाल्कनीतून धावत येऊन माझ्या पायापाशी उभा राहिला, तोंड वर करून, केळ्याची वाट बघत. चिमी सोफ्याखाली गेली आणि रात्री साडेनऊपर्यंत बाहेर आली नाही.